शाळेची भिंत आणि आमची भाची

लाल रंगाचा डबा भाचीच्या साडीवर सांडला, तिथून हे सगळं सुरू झालं.

बहीण गेल्यावर मीच हिला वाढवली. आता तिसरीच्या वर्गावर बाई आहे. नाम कुठलं आणि विशेषण कुठलं, हे पोरांच्या डोक्यात काही केल्या शिरेना, म्हणून तिनं शाळेची भिंत रंगवायला पेंटर बोलावला. वस्तूचं नाव लाल, वस्तू कशी आहे ते निळं, असं बजावून ती वर्गावर गेली. मधल्या सुट्टीत धावत बघायला आली ती थेट त्याच्या डब्यावर.

साडी गेलीच, पण भिंतीवरही सगळं उलटं. ‘उंच’ लाल, ‘झाड’ निळं. चाळीसच्या चाळीस जोड्या तशाच. बिचाऱ्याचा हात दुकानाच्या पाट्यांना सरावलेला... ‘ताजं दूध’ रंगवायचं तर ‘ताजं’ लाल, कारण गिऱ्हाईक त्यालाच भुलतं.

हिनं त्याला शिक्षा म्हणून वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं. टेबलावर वस्तू मांडून ती पोरांना विचारत होती, हे काय आहे, आणि कसं आहे? तेवढ्यात एका कार्टीनं पेंटरकडेच बोट दाखवलं. पोरं सुटली... उंच पेंटर, सावळा पेंटर, रंगलेला पेंटर. बाई, तुम्ही पण सांगा, म्हणाली पोरं.

“विसराळू,” ही म्हणाली.

तो हसला म्हणे. हे सांगताना हिचे कान लाल झाले होते. मी शिकले नाही, पण आंधळी नाही.

मग आठ दिवस दुरुस्ती चालली. रोज हिला एखादी वेलांटी वाकडी दिसायची, एखादा काना आखूड. तो मुकाट्यानं पुसून पुन्हा काढायचा. मी एकदा विचारलंच, वेलांटी बघायला इस्त्रीची साडी कशाला लागते गं? तर म्हणे, मावशी, तुझं आपलं काहीतरीच.

शनिवारी भिंत संपली. दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या गावी काम होतं. तो काही बोलेना, आणि ही माझ्या हाताखाली वाढलेली — मोडेल पण वाकणार नाही. संध्याकाळी एकच वही तीनदा तपासत बसली.

तेवढ्यात तो दारात. खांद्यावर शिडी. निरोप घ्यायला आलो, म्हणाला. मी म्हटलं, घे की. आणि तिथंच बसून राहिले. उठले असते तर दोघं उद्यापर्यंत जमिनीकडेच बघत राहिले असते.

“बाई...” तो म्हणाला, “जावंसं वाटत नाही.”

“मग जाऊ नका.”

“माझा धंदा गावोगाव फिरायचा.”

“मी शाळा सोडून येणार नाही.”

मग तो हळूच म्हणाला, “इथंच पाट्यांचं दुकान टाकतो. तुम्ही... हो म्हणालात तर.”

हिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

“हो,” ती म्हणाली.

तो शिडी तिथंच उंबऱ्यात आडवी टाकून बावळटासारखा उभा. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायात येते ती, मी खेकसले, आत घे. मागच्या खोलीत जागा आहे.