चप्पल घालूनच आत या

कूलर पाहायले आले ना तुम्ही? या, या. नाही, चप्पल काढू नका. घालूनच आत या. फरशी खराब होते तं होऊ द्या, तशीही सिलताऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ दिवसभर पडूनच राहते. सकाळी पुसलं का दुपारी पुन्हा काळं. बिरगावात सगळ्यांच्याच घरी हे रडगाणं आहे. पण आमच्या घरी एक नेम आहे, अनवाणी कोणी चालायचं नाही. काहून, ते सांगतो.

तो पाहा, मागच्या खिडकीत. लोखंडी बॉडीचा आहे, जुना पण मजबूत. टाकी कोरडी ठण्ण आहे. घेऊन जा, मले त्याचं काम नाही आता. पण आधी इथं बसा. या कूलरवरून मी एकदा खोटं बोललो अन् घर बुडवून बसलो. दुसऱ्यांदा नाही बोलणार. सगळं ऐकून घ्या, मंग न्यायचा तं न्या.

मी धर्मपाल. सिलताऱ्यात स्पंज आयरनच्या, म्हणजे कच्चं लोखंड बनवायच्या, एका कंपनीत इलेक्ट्रिशियन, अठरा वर्षं झाली. माझी बायको पूर्णिमा दोन वर्षांआधी मे महिन्यात गेली, याच कूलरच्या करंटनं. दोन पोट्टे आहेत. मोठा यशदीप आता चौदाचा, लहाना संघर्ष आठचा. तेव्हा दोघंही सुट्टीत नागपूरले आजीकडे होते.

मी सगळ्यांले एकच सांगितलं. "कितीदा बोललो तिले, चालू कूलरमधी पाणी टाकू नको, टाकायचंच असन तं पायात चप्पल घाल. ऐकलंच नाही बाईनं. अनवाणी गेली." पोलिसांले हेच, शेजाऱ्यांले हेच, पोट्ट्यांले हेच. खुद्द इलेक्ट्रिशियन सांगून राहिला म्हटल्यावर कोण विचारते?

एकट्या सासूनं विचारलं. अंजनाबाई. मयताजवळ बसून हळूच म्हणाली, "जावईबापू, दोन वाजून दहा मिनिटापर्यंत ती माझ्यासंग फोनवर होती. माय, कूलरात पाणी टाकून येतो म्हणाली अन् उठली. चपलेचा फटक फटक आवाज आला मले. माझ्या पोरीच्या पायात चप्पल होती."

मी भर मयतात तिच्या अंगावर ओरडलो. "नागपुरात बसून इथल्या चपला ऐकू येतात का तुम्हाले?"  त्या दिवसापासून म्हातारी माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मंग सुरू झाली लोकांची अक्कल. दुसरी कर, भैया. लहान्याले आजीकडे ठेवून दे. बाईमाणसाशिवाय पोरं वाया जातात. माझं टाळकंच सणकलं. म्हणलं, माझे पोट्टे मी पाहीन, तुम्ही आपापली भाकर भाजा. अन् पाहिले बरं मी! नाईट करून यायचं अन् तसंच डब्याले लागायचं. पोळ्या जमल्या नाहीत तं दोन वर्षं भात खाऊ घातला. संघर्षले ताप आला तेव्हा तीन रात्री उभा होतो. हे दोघं सोडून मले जगात कोणी नाही. ते हातचे गेले तं मी कोणासाठी भट्टीवर जाऊ?

फक्त कूलर लावू दिला नाही. वायर मुळापासून कापून टाकली अन् खिडकीतच सडू दिला. रायपूरचा मे, पंचेचाळीस डिग्री, पंखा गरम हवा फेकून राहिला, अन् पोट्टे ओला टॉवेल अंगावर घेऊन पडून राहत.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. नाईट करून आलो होतो, दुपारी झोपलो होतो. गुदमरून जाग आली. पंखा बंद. घड्याळात दोन वाजून दहा. जाऊन पाहतो तं बोर्डावरचा खटका पडलेला. हा खटका म्हणजे काय, का करंट कुठं गळाला तं आपोआप पडते अन् घरची लाइन तोडते. जीव वाचवायसाठीच असते तो. मी वर केला. पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. दहा मिनिटांनी आपोआप टिकला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दोन वाजून दहा. घरभरची वायर तपासली, स्विच उघडले, तात्यापाऱ्याच्या बाजारातून नवीन खटका आणून बसवला. कुठंच गळती नाही. कंपनीत शंभर मोटरी सांभाळणारा माणूस मी, अन् दोन खोल्यांच्या घरानं मले मूर्ख बनवलं. असा संताप आला म्हणता!

पाचव्या दिवशी खटका पडला तसा मी तडक मागच्या खोलीत गेलो. तिथं वास येऊन राहिला होता... कूलरच्या जाळ्यांतल्या ओल्या गवताचा. थंडगार. गवत तं मी कधीचंच फेकलं होतं. फरशीवर काळ्या धुळीत ओले ठसे होते, नळापासून कूलरपर्यंत. चपलेचे ठसे, चौकडीच्या तळव्याचे, लहान मापाचे. डावी टाच अर्धीच उमटलेली. टाकी पाहिली. काठोकाठ भरलेली.

मी यशदीपची कॉलर धरली. "काहून भरला? वाचायचं नाही का तुले?" अन् कानाखाली दिली.

"मैंने नहीं भरा, पापा," तो रडत म्हणाला. "उसमें तो तार भी नहीं है. क्यों भरूँगा?"

संघर्ष दाराशी उभा होता. त्याले भेव वाटत नव्हतं. "मम्मी भरती है," तो म्हणाला. "रोज भरती है. आप सोते हो ना... इसलिए."

"काय?"

"नीली चप्पल पहन के आती है."

यशदीप रडायचा थांबला. गालावर हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहू लागला. "पापा... आप तो बोले थे, मम्मी ने चप्पल नहीं पहनी थी."

"चूप बस!" मी म्हणलो. 

तुम्हाले खरं सांगतो. चप्पल होती. निळी, रबराची, डावी टाच झिजलेली, कारण ती डावा पाय जरा ओढून चालायची. त्या मे महिन्यातही मी नाईटवर होतो अन् कूलर करंट मारून राहिला होता. खटका सारखा पडे अन् पूर्णिमा मले उठवे. "अहो, लाइन गेली. कूलर पाहा ना एकदा, चावून राहिला." दोन दिवसांत चारदा उठवलं. चौथ्यांदा माझं डोकं फिरलं. राग आला का माझं डोकं चालत नाही, हात चालते. "काय मेली कटकट आहे! झोपू देत नाही!" म्हणत उठलो अन् कूलर दुरुस्त करायच्या ऐवजी खटक्याले बगल देऊन वायर सरळ जोडून टाकली. आता बाप आला तरी पडणार नाही, म्हणलं, अन् झोपलो.

मले थंडी हवा मिळावी म्हणून ती पाणी टाकायले गेली. एक हात कूलरले, एक हात लोखंडी नळाले. करंट या हातातून त्या हातात गेला, चप्पल काय करन तिथं? खटका असता तं पडला असता, ती वाचली असती. मी चार वाजता उठलो. कूलर मस्त चालू होता. दोन तास मी तिच्या मेलेल्या अंगावरून येणारी हवा खाल्ली.

अन् मंग मी काय केलं? आधी वायर काढून खटका जागेवर लावला. मंग तिच्या पायातली चप्पल काढली, बॅगेत टाकली अन् मंग बोंब मारली. चार दिवसांनी ड्युटीवर ती चप्पल भट्टीत फेकली. हजार डिग्रीची भट्टी ती, धूरही दिसला नाही.

मंग ती निळी चप्पल घालून कशी येते?

त्या रात्री ड्युटीवर मनातल्या मनात मी तिले शिव्या घातल्या. मले भेव दाखवते? मी इकडं तुझे पोट्टे सांभाळून हाडाची काडं करून राहिलो अन् तू त्यांच्यापुढं मले खोटं पाडते? सकाळी घरी आलो. झोपलो नाही. दोन वाजता बोर्ड उघडला अन् खटक्याले पुन्हा बगल दिली. तीच वायर, तसाच जोड. "पाड आता," म्हणलं. "पाडून दाखव."

दोन वाजून दहा झाले. पंखा फिरत राहिला. दोन वाजून अकरा झाले. मी हसलो.

तेवढ्यात मागून आवाज आला... घर्रर्र... अन् पाणी झिरपायचा. कूलर सुरू झाल्याचा.

धावत गेलो. कापलेल्या वायरचा कूलर जोरात फिरून राहिला होता. संघर्ष त्याच्यासमोर उभा होता. एका हातात मग्गा, दुसरा हात लोखंडी बॉडीवर टेकवलेला.

"मम्मी बोली, आज तू भर," तो म्हणाला. "पापा थक गए हैं."

 खिशातला टेस्टर काढून बॉडीले लावला. टेस्टरचा दिवा लाल पेटला. त्या लोखंडात पूर्ण करंट होता अन् माझ्या पोट्ट्याचा तळहात त्याच्यावर होता... अन् तो माझ्याकडे पाहून हसून राहिला होता.

मंग माझी नजर खाली गेली. त्याच्या पायात निळी चप्पल होती. त्याच्या पायाले लय मोठी. डावी टाच झिजलेली.

मी बोर्डाकडे पळालो अन् बगल दिलेली वायर हातानंच ओरबाडून काढली. खटका खाडकन पडला. कूलर थांबला. मी तिथंच जमिनीवर बसलो. यशदीप भावाले कडेवर घेऊन समोर उभा होता. मी त्याले सगळं सांगितलं. खटका, वायर, चप्पल, सगळं. एवढा मोठा झाला तो, एकदाही रडला नाही. शेवटी फक्त म्हणाला, "नानी को फोन लगा रहा हूँ."

अंजनाबाई दुसऱ्या दिवशीच आली. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही, बाहेरूनच दोघा पोट्ट्यांले घेऊन निघाली. मी अडवलं नाही, कोणत्या तोंडानं अडवू? संघर्षले नवीन सँडल घालून देतो म्हणलं तं ऐकेना. तीच निळी चप्पल घालून फटक फटक करत तो रिक्षात बसला. त्याची आजी त्या आवाजासरशी चपलेकडे पाहू लागली, अन् मंग पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. यशदीपनं मागं वळूनही पाहिलं नाही.

याले आता महिना होत आला. फोन उचलत नाहीत. मी मात्र रोज दुपारी घरी राहतो.

खटका अजून पडते. त्याच वेळेले. पण कूलरात पाणी नसते आता, ती तिकडे जातच नाही. ठसे नळापासून निघतात अन् माझ्या खाटेकडे येतात. अन् चपलेचे नाहीत ते. चप्पल तं लेकाले देऊन टाकली तिनं. आता अनवाणी येते. मी जगाले जे सांगितलं होतं ते आता खरं झालं. रोज एक पाऊल जवळ. म्हणून तुम्हाले म्हणलं चप्पल घालून या. घरात अनवाणी एकच ठसा दिसला पाहिजे, म्हणजे मले मोजता येते.

कालचा शेवटचा ठसा फरशीवर नव्हता. चादरीवर होता. डावा पाय, पाची बोटं, ओला.

थांबा, उठू नका. पंखा बंद पडला ना? पडू द्या. बोर्डाले हात लावू नका... आधी तिले जाऊ द्या.