दोन बोटं वर

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. त्या ट्रकच्या केबिनमध्ये मी स्वतः बसलो होतो. ज्याला फेकाफेक वाटेल त्याने खुशाल पुढे जावं, कुणाला पटवून मला काही मिळणार नाहीये.

तारीख पक्की लक्षात आहे. ४ डिसेंबर २०२४, बुधवार. संध्याकाळचे साडेसात. आरे कॉलनीतला आतला रस्ता.

मी सिद्धेश. दहिसर चेकनाक्याजवळ माझा ऑटो इलेक्ट्रिकचा गाळा आहे. ट्रक, टेम्पो, रिक्षा, काय येईल त्याचं वायरिंग करतो. पंधरा वर्षं झाली. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. गावी गेलो की म्हातारी माणसं काय काय सांगायची आणि मी तोंडावर हसायचो.

आता नाही हसत.

दशरथ माझा मोठा भाऊ. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर ते खचले आणि घर दादाने ओढलं. सतराव्या वर्षी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग स्वतःचा ट्रक. रोज संध्याकाळी नाक्यावरून चारा भरायचा आणि आरेच्या तबेल्यात नेऊन टाकायचा. वीस वर्षं हाच रस्ता.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर तो गाळ्यावर आला.

"सिद्ध्या, हेडलाइटचा बल्ब बदल रे. उजेड पडत नाय."

बदलला. पंधरा दिवसांनी परत हजर.

"अजून पॉवरचा टाक."

मी लाइट तपासला. उजेड चांगला होता. म्हटलं, दादा, काचेवर ऊन पडल्यासारखा लख्ख पडतोय, अजून काय पाहिजे तुला? तर माझ्यावरच डाफरला.

तेवढ्यात लाइट गेली. गाळा काळोखात. मी चहाचा ग्लास त्याच्यासमोर धरला होता. बाहेरच्या गाड्यांचा उजेड आत येत होता, मला सगळं दिसत होतं. दादाने हात पुढे केला... ग्लासाच्या वीतभर बाजूला. हवेत चाचपडत राहिला.

तोच बोलला.

"पडदा सुकत चाललाय म्हणे डोळ्याचा. रात्रीचं आधी जातं. मग दिवसाचं. औषध नाय."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. तुझ्या वहिनीला माहीत नाय. सांगशील तर बघ."

माझी तर वाटच लागली. मी म्हटलं, चावी दे. आत्ताच्या आत्ता दे. तू काय माणसं मारणार आहेस का?

तेव्हा दादाने काय केलं माहितीय? गाळ्यात, त्या काळोखात, तो खाली वाकला आणि माझे पाय धरले. मोठ्या भावाने. ज्याच्या खांद्यावर बसून मी दहीहंडी बघितली त्याने.

"पोरीचं नर्सिंगचं हे शेवटचं वर्ष आहे. मे महिन्यापर्यंत चालवू दे. मग तूच गाडी विक. तोपर्यंत मला उजेड दे रे. उजेड असला की दिसतं मला."

मी रडलो. तोही रडला.

आणि मी उजेड दिला.

हेडलाइटला शंभर-नव्वद वॉटचे बल्ब टाकले. एवढ्या पॉवरला जुनी वायर वितळते, म्हणून जाड वायर आणि वेगळे रिले. बंपरवर दोन मोठे गोल लाइट बसवले, त्यांचं बटण वेगळं. काम एक नंबर झालं, ते मी आजही म्हणेन.

पण आमच्या कामात एक नियम आहे. गाडी भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी करायची. लाइटच्या उंचीवर भिंतीला खडूची आडवी रेघ मारायची. उजेडाचा वरचा काठ त्या रेघेच्या खालीच राहिला पाहिजे. वर गेला की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि तो ठार आंधळा होतो. हे मी शिकाऊ पोरांना कानफटात मारून शिकवलंय.

दादा स्टेअरिंगवर बसला आणि म्हणाला, "वर घे."

"दादा, नियम आहे."

"मला बाजूचं दिसत नाय रे. वर घे थोडा."

मी बंपरच्या एकेका लाइटचा नट ढिला केला. उजेड रेघेच्या वर दोन बोटं घेतला. तेरा-चौदाच्या पान्याने नट परत गच्च आवळला. माझ्या या हातांनी.

तो दिवस होता गुरुवार, २१ नोव्हेंबर. त्याच संध्याकाळी दादा गाडी घेऊन गेला आणि नऊ वाजता फोन केला.

"झकास रे! दिवस उगवल्यासारखं वाटतं."

त्यानंतर चार दिवस काहीच नाही.

पाचव्या दिवशी आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. म्हणाला, "लाइट बघ. मध्ये भोक पडतंय."

"भोक?"

"आरेत, ओढ्यावरच्या मोरीच्या आधी. सगळीकडे उजेड असतो आणि मध्येच... एवढ्या तुकड्यावर पडतच नाय."

भिंतीसमोर लावून बघितला. उजेड सलग होता. काच फोडून बघायची तेवढी बाकी ठेवली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाला, अजून दोन लाइट लाव, छपरावर लाव. त्याचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं डोळ्यांचंच आहे, पडदा अजून सुकला. म्हटलं, बुधवारी मी येतो तुझ्यासोबत.

ती हीच बुधवारची संध्याकाळ.

हायवे सोडून आत वळलो तोपर्यंत आम्ही बोलत होतो. दादा त्याच्या पोरीचं, दीप्तीचं काहीतरी सांगत होता. आत शिरलो आणि तो गप्प झाला. दोन्ही बाजूंना झाडं. समोरून एक बस गेली. मग काहीच आलं नाही.

खिडकीतून किड्यांची किरकिर येत होती.

एका वळणानंतर ती थांबली.

हळूहळू कमी झाली नाही. एकदम थांबली. फक्त आमच्या इंजिनाचा आवाज.

"आलं," दादा पुटपुटला. त्याने गाडी पहिल्या गिअरला घेतली.

मी समोर बघितलं. चारही लाइट चालू. रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. पुढे मोरीचा बुटका कठडा. आणि त्याच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या कडेला...

काळं काहीतरी पडलं होतं. लांबट.

मला वाटलं तेल सांडलंय.

ते तेल नव्हतं. सावली होती. माणसाची. पाय आमच्याकडे आणि डोकं पार लांब, कठड्यावर चढलेलं. एक नाही, चार. आमचे लाइट चार म्हणून सावल्या चार, एकमेकींना चिकटून, पंख्यासारख्या पसरलेल्या. साडीचा घेर कळत होता. एक हात वर होता. आपण उन्हात डोळ्यांवर धरतो ना, तसा.

चार सावल्या होत्या.

माणूस नव्हता.

जिथे पाय सुरू होत होते तिथे नुसता रिकामा रस्ता होता. आई शप्पथ सांगतो.

"तुला दिसतंय का रे?" दादाने विचारलं. "खरं सांग. तुला पण दिसतंय ना?"

मी मान हलवली. आणि तो माणूस चक्क सुस्कारा टाकून हसला. इतके दिवस आपलेच डोळे फुटले असं समजत होता बिचारा.

मी हात लांब करून बंपरचे दोन लाइट बंद केले. सावल्या दोन राहिल्या. त्या थोड्या पुढे आल्या होत्या. मी घाबरून हेडलाइटही बंद केले. मूर्खपणा केला. इंजिनही गचके खाऊन बंद पडलं.

मिट्ट काळोख.

काही नाही. पान हलत नव्हतं.

मग... पायाचा आवाज. अनवाणी पायांचा. खडीवरून, सावकाश, आमच्याकडे.

बॉनेटसमोर येऊन थांबला.

टक.

काचेवर बोट वाजवल्यासारखं. खाली, बंपरच्या लाइटवर.

टक... टक.

"दादा, सेल मार! सेल मार ना!"

दादा हलला नाही. अगदी शांत आवाजात म्हणाला, "सिद्ध्या, बाई आहे रे. साठीची असेल. हिरवी साडी. चपला हातात घेतल्यात."

समोर मला, चांगल्या डोळ्यांच्या माणसाला, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि ज्याला काळोखात चहाचा ग्लास दिसत नाही, तो मला साडीचा रंग सांगत होता.

"मी हिला बघितलंय," तो म्हणाला. "लाइट लावले त्याच दिवशी. इथेच. हात डोळ्यांवर धरून ओरडत होती, दिवे खाली कर, दिवे खाली कर. मी हॉर्न मारला आणि निघून आलो. धक्का नाय लागला रे. देवाशपथ नाय लागला. आरशात बघितलं तर मागे कोण नव्हतं. मला वाटलं गेली."

खालून लोखंड करकरल्याचा आवाज आला. पाना फिरवावा तसा. दोनदा.

मग खडीवर पावलं. लांब, मोरीकडे. आणि किडे परत ओरडायला लागले.

दादाने सेल मारला. पहिल्या झटक्यात गाडी चालू. मी लाइट लावले. रस्ता मोकळा होता, मोरीही मोकळी. पण बंपरच्या लाइटचा उजेड पुढे जातच नव्हता. मी कसाबसा खाली उतरून बघितलं.

दोन्ही लाइट माना घालून बसले होते. सरळ खाली, रस्त्यावर.

नट हाताला हलला नाही. मी आवळला होता तितकाच गच्च होता.

तबेल्यात पोचलो तेव्हा आमची तोंडं बघूनच तिथला जुना माणूस धोंडिराम म्हणाला, "काय झालं? मोरीवर काय दिसलं का?"

दादाने विचारलं, "मोरीवर काय आहे?"

"पाड्यातली सुंदराबाई गेली ना. गोरेगावात घरकाम करायची, रोज चालत यायची. कठड्यावरून खाली पडली. रात्रभर दगडात पडून होती, सकाळी सापडली. वीस वर्षं त्याच वाटेने ये-जा, डोळे मिटून चालली असती. कशी पडली कुणास ठाऊक."

"कधी?" मी विचारलं.

"झाले की तेरा-चौदा दिवस. गुरुवार होता."

दादा चाऱ्याच्या पेंढीवर मटकन बसला.

दुसऱ्या दिवशी मी लाइट उतरवले, वायरी ओढून काढल्या. महिनाभरात दादाने ट्रक विकला. वहिनीला सांगावंच लागलं. विमला वहिनी ऐकून उठली आणि भांडी घासायला लागली. दीप्तीची फी मी भरली, ती पास झाली. डॉक्टर म्हणाले होते त्याच्या आधीच दादाचं दिवसाचंही गेलं. आता त्याला दुपारी दार सापडत नाही.

पाड्यावर मी दोनदा गेलो. सुंदराबाईच्या मुलाला सांगायचं होतं. त्याच्या अंगणापर्यंत गेलो. त्याने पाणी विचारलं. मी पाणी प्यायलो आणि परत आलो. भेकड म्हणा मला. आहेच मी.

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारी बाई, मालवणीवर आली होती.

"भावजी, काय ता खरा सांगा माका. हे रात्री उठतत आणि घरभर फिरतत. खयच आपटनत नाय. दिवसाक पाटाक अडखळतत आणि रात्री..."

तिने फोन ठेवला.

मी गेलो. दहिसरला नदीच्या बाजूला त्यांची चाळीतली खोली. दिवेलागणीची वेळ होती. वहिनीने मुद्दाम दिवा लावला नव्हता. दादा खाटेवर बसला होता. बाहेर काळोख झाला तसा तो उठला.

आणि चालायला लागला. स्टुलाला वळसा घालून, दाराची चौकट चुकवून, घरातल्या मोरीची पायरी उतरून परत चढला. एक हात जरासा पुढे... कुणीतरी धरल्यासारखा. वहिनी माझ्या मागे उभी राहून तोंडात पदर कोंबून रडत होती.

मी हाक मारली. "दादा."

तो थांबला. माझ्याकडे तोंड केलं. बरोबर माझ्या डोळ्यांत बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"सिद्ध्या, तू का आलास इथे? जा."

"दादा, कोण आहे? कोण धरतंय तुला?"

त्याने आवाज एकदम बारीक केला. शेजारी उभ्या असलेल्या कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"रोज रात्री एकच विचारते रे. वाकडं बोलत नाय, त्रास देत नाय. फक्त विचारते, दिवे वर कोणी केले?"

मी चौकट धरली, दादा बोलतच होता.

"मी सांगतो, मीच केले. तर म्हणते, नाय, तुझ्या हाताला पान्याचे घट्टे नायत."

तो पुढे केलेला हात त्याने अजून खाली घेतला नव्हता.

"तुझं नाव नाय सांगितलं मी अजून. सतरा वर्षांचा असल्यापासून तुला सांभाळला, आता काय सांगू? पण सिद्ध्या... झोपू देत नाय रे ती. आता माझ्याच्याने होत नाय."