निळ्या बॅगेतली हाक

"श्शू! साडेसहाला दोन मिनिटं आहेत. आता कुणीही आवाज करायचा नाही!" सृष्टीनं दटावलं.

"मी कुठं करतोय? तुझा भाऊच दात वाजवतोय," विरेश म्हणाला.

"ते थंडीनं!" सिद्धू म्हणाला. सोलापुरात नोव्हेंबरात एवढी थंडी कधीच पडत नाही हे तिघांनाही ठाऊक होतं, पण कुणी वाद घातला नाही.

न्हाणीघरासमोरच्या अरुंद बोळात, एका स्टुलाभोवती तिघं दाटीवाटीनं उभे होते. इथला दिवा पंधरा दिवसांपूर्वी गेला होता आणि बाबा तो रोज 'उद्या' बदलणार होते. वर माळा होता. माळ्याच्या कडेवरून निळ्या बॅगेचं एक टोक बाहेर आलं होतं. काळोखात तेवढंच दिसत होतं.

बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाचा मोठा काटा सहावर आला. आणि...

"रीऽऽऽ..."

विरेशच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाईचा आवाज होता. म्हातारा, चिरका आणि खूप लांबून आल्यासारखा.

"रीऽऽ... अंधार पडला... मी हितंच हाय..."

मग खरखर झाली आणि पुन्हा सगळं शांत. सिद्धू केव्हाच गॅलरीत पळाला होता. बाकीचे दोघं सावकाश चालत त्याच्या मागं गेले, म्हणजे निदान पळत तरी गेले नाहीत.

"पटलं आता?" सृष्टीनं विचारलं. "काल तू काय म्हणालास? सोलापुरात भूत आलंच तर उन्हाळ्याआधी पळून जाईल!"

"शेजारचा टीव्ही असेल," विरेश म्हणाला. तेरा वर्षांचा विरेश वरच्या मजल्यावर राहायचा आणि त्याचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे.

"बाबाही तेच म्हणाले! पण चार दिवस रोज, त्याच वेळी, तेच शब्द? शिवाय तो कमी कमी होत चाललाय. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला होता. आज आपण थेट खाली उभे होतो, तरी कान द्यावा लागला. ती जी कोण आहे ना विरेश, ती थकत चालली आहे!" सृष्टी म्हणाली. तिला भीती वाटत होती हे खरंच, पण भीतीपेक्षा दया जास्त वाटत होती.

"आणि हा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला तो इथं नाही," सिद्धू हळूच म्हणाला. "बोटीवर ऐकला."

मग दोघांनी विरेशला सगळं सांगून टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीत सृष्टी आणि सिद्धू आईबाबांबरोबर आयुष्यात पहिल्यांदा क्रूझवर गेले होते. सोलापूरच्याच एका ट्रिपवाल्यानं सगळ्यांना बसनं मुंबईला नेलं आणि तिथून बोटीवर चढवलं. चार रात्री! अकरा मजल्यांची बोट, वर पोहण्याचा तलाव, आणि आइस्क्रीम कितीही वेळा मागा, कुणी 'पुरे' म्हणायचं नाही. सिद्धूनं एकोणीसपर्यंत मोजली आणि मग त्याला मोजवेना. 'समुद्रावर थंडी असते' म्हणून बाबांनी एक अख्खी बॅग भरून सोलापुरी चादरी नेल्या होत्या. ती बॅग जाताना बंद होती ती येतानाही बंदच राहिली.

"पण संध्याकाळी खालच्या मजल्यावर लई भीती वाटायची," सिद्धू म्हणाला. "लांबच लांब बोळ, सगळी दारं सारखी, आणि पायाखाली सारखी घर्रर्र!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईबाबा वर चहा पीत असताना दोघं बूट बदलायला खोलीत आले होते. बोळात चिटपाखरू नव्हतं. एवढ्यात शेजारच्या दारामागून तोच आवाज आला. 'रीऽऽ... अंधार पडला...' त्या खोलीत एक आजोबा राहत होते. जेवताना ते शेजारची खुर्ची रिकामी ठेवायचे. सिद्धूनं विचारलं, "आजी कुठं आहेत?" तर हसून म्हणाले, "खोलीत हाय की. बोलती, पन बाहेर यीना!"

"मग त्यात काय?" विरेश म्हणाला. "आजींना बोट लागली असेल."

"आम्हालाही तसंच वाटलं. म्हणून खोली आवरणाऱ्या दादाला विचारलं." सृष्टी म्हणाली. "तो म्हणाला, त्या खोलीत एकच माणूस उतरलंय. पलंगसुद्धा एकच विस्कटतो!"

गॅलरीतला आकाशकंदील वाऱ्यानं गर्रकन फिरला. तिघंही दचकले.

"आणि आता ती आमच्या मागोमाग सोलापूरला आलीये," सिद्धू रडवेला होऊन म्हणाला. "रोज रडते. 'रीऽऽ' करून!"

विरेश एकदम ताठ झाला. "थांब! ती रडत नाहीये!"

"म्हणजे?"

"अरे, आमच्या घरी कन्नड बोलतात ना? माझी आई बाबांना हाक कशी मारते? 'री, चहा झाला!' 'री, दूध आणा!' तुमची आई 'अहो' म्हणते, तसंच ते 'री'! ती बाई आपल्या नवऱ्याला हाका मारतेय!"

नवऱ्याला हाका मारणारी बाई, आणि ती यांच्या माळ्यावर! हे तर आणखीच भयंकर होतं.

"चल," सृष्टी म्हणाली. "बॅग खाली काढायची."

स्टुलावर सृष्टी चढली, स्टूल विरेशनं धरलं आणि विरेशला सिद्धूनं धरलं. बॅग खाली आली. निळी बॅग, मुठीला लाल चिंधी. ट्रिपवाल्यानं सगळ्यांना एकसारख्याच बॅगा वाटल्या होत्या, म्हणून बाबांनी आपल्या बॅगेला खूण केली होती. अडचण एवढीच, की निम्म्या ट्रिपला अगदी हीच खूण सुचली होती! घरी आल्यावर किल्ली लागेना, तेव्हा बाबा म्हणाले, "खारी हवा! कुलूप गंजलं." आणि बॅग गेली माळ्यावर. चादरी कुणाला हव्या होत्या?

सृष्टीनं चिंधी बाजूला सारली. खाली बोटीवरची कागदी पट्टी अजून चिकटलेली होती. तिनं बॅटरीच्या उजेडात आकडे वाचले.

"सात एक एक सात! विरेश, आमची खोली सात एक एक पाच होती!"

शेवटच्या रात्री सगळ्यांच्या बॅगा बोळात दाराबाहेर ठेवायला सांगितल्या होत्या. दोन निळ्या बॅगा, दोन लाल चिंध्या. बाबांनी शेजारच्या आजोबांची उचलली होती!

बाबा घरी आल्यावर तिनं त्यांना पट्टी दाखवली. ते मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाले, "तिथले लोक कुठलाही कागद कुठंही चिकटवतात गं. ट्रिपवाल्याचं ऑफिस सुट्टीनंतर उघडेल, तेव्हा बघू."

"तोपर्यंत तिचा आवाज बंद पडेल, बाबा!"

"मग बरंच की! शेजाऱ्यांचा टीव्ही एकदाचा बिघडू दे."



दुसऱ्या दिवशी आई टेंभुर्णीला मावशीकडे गेली होती आणि बाबा दुपारचं जेवून आडवे झाले होते. सृष्टीनं अगदी गोड आवाजात विचारलं, "बाबा, या बॅगेची किल्ली आणायला जाऊ आम्ही? विरेशही आहे."

"जा, जा!" बाबा कूस बदलत म्हणाले. सृष्टी खोटं बोलली नव्हती. किल्ली ज्याच्याकडे होती, त्याच्याकडेच ते निघाले होते!

बॅग रिक्षात चढवता चढवता विरेश म्हणाला, "पण जायचं कुठं? आजोबांचं नावगाव?"

"मला माहितीये!" सिद्धू म्हणाला. "ते बोटीवर सगळ्यांना विचारत होते, 'डायवर कुटं बसतो?' मला म्हणाले, मी तीस वर्षं एसटी चालवली. सोलापूर स्टँडवर कुणालाबी इचार, वीरभद्रप्पा डायवर म्हन!"

"हे तू आत्ता सांगतोस?"

"मला कुणी विचारलंच नाही!"

स्टँडवर 'कुणालाबी' विचारणं सोपं नव्हतं. चार जणांनी हात झटकले, दोघांना अक्कलकोटची गाडी पकडायची होती, एकानं तर यांनाच गाड्यांच्या वेळा विचारल्या. साडेपाच वाजून गेले. फलाटावरचे दिवे लागले. शेवटी एका गाडीतून तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलेल्या कंडक्टर बाई उतरल्या. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, चंद्रिका.

"वीरभद्रप्पा मामा? वळखते की! त्येंच्याच गाडीवर मी नवीन लागले हुते. सैफुलला ऱ्हात्यात, पान्याच्या टाकीमागं."

"सैफुल?" विरेश ओरडला. "म्हणजे आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं! आणि आम्ही अख्खं सोलापूर ओलांडून इथं आलो!"

"मावशी, आणि त्यांच्या घरच्या आजी? त्यांच्याबरोबर बोटीवर होत्या त्या?" सृष्टीनं विचारलं.

बाईंचा चेहरा बदलला. "कोन, बसम्मा मावशी? आगं, त्या कशा आसतील बोटीवर? त्या तर मागल्या वर्सीच्या दिवाळीतच वारल्या."

गाडी लागली म्हणून बाई निघून गेल्या. तिघं बॅगेकडे बघत जागच्या जागी उभे राहिले. सृष्टीचा हात मुठीवर होता. तो तिनं चटकन मागं घेतला.

"ताई," सिद्धू कुजबुजला, "बॅग इथंच ठेवू. चल ना घरी. प्लीज!"

विरेश, ज्याचा कशावरच विश्वास बसत नसे, तोही दोन पावलं मागं सरकला होता.

सृष्टीलाही पळावंसं वाटलं. फार वाटलं. पण तिच्या कानात ती हाक घुमत होती. आज साडेसहाला कदाचित शेवटचीच असेल.

"हे बघा," ती म्हणाली, "भूत असलं तरी ती कुणाची तरी आजी आहे. अंधार पडला की नवऱ्याला हाका मारते, आणि आपण तिला चुकीच्या घरी आणून माळ्यावर टाकलंय! तिला तिच्या घरी पोचवायचं. तुम्ही येताय का मी एकटी जाऊ?"

दोघंही आले. सिद्धूनं फक्त एक अट घातली, बॅग त्याच्या मांडीवर नको.

रिक्षा निघाली खरी, पण सात रस्त्याला वाहनांची नुसती कोंडी! सहा वाजून दहा मिनिटं. वीस. आभाळ काळंनिळं झालं होतं. विजापूर रोडला लागल्यावर रिक्षावाल्यानं वेग घेतला. पाण्याची टाकी दिसली तेव्हा सहा सत्तावीस झाले होते. तिघांनी बॅग उचलली आणि बोळातून धूम ठोकली.

टाकीमागच्या बैठ्या घराचं दार सताड उघडं होतं, पण आत दिवा नव्हता. खिडकीपाशी खुर्चीत कुणीतरी बाहेर बघत बसलं होतं. उंबऱ्यापाशी ओढणीनं हात पुसत एक बाई आल्या. "कोण पाहिजे?"

सृष्टीला धाप लागली होती. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या हातातली बॅगच बोलली.

"री... अंधा... पड..."

बाईंच्या हातून ओढणी सुटली. खुर्चीतलं माणूस ताडकन उभं राहिलं.

"मी हि..."

आणि आवाज थांबला.

"जगदेवी, दिवा लाव! दिवा लाव!" वीरभद्रप्पा आजोबा धडपडत पुढं आले. त्यांनी कोपरीच्या खिशातून किल्ली काढली. पण घाईत किल्ली कुलपात जाईना. विरेशनं ती हळूच घेतली आणि कुलूप उघडलं. धोतर, औषधांचं पाकीट, आणि त्याखाली टॉवेलात गुंडाळलेलं एक छोटं पांढरं घड्याळ! त्यावरचा आकडा मिणमिणत होता.

"बॅटरी संपली! मी सेल काढतो," विरेश म्हणाला.

"काडू नगंस!" आजोबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की विरेशनं हात मागं घेतला. "सेल काडलं की समदं पुसतंय! आदी वायर! वायर लाव, बाळा!"

बॅगेच्या कप्प्यात वायर सापडली. सृष्टीनं ती भिंतीतल्या प्लगला लावली आणि पिन घड्याळात खुपसली. काहीच झालं नाही. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

"बटण! प्लगचं बटण दाबलंच नाही!" सिद्धू ओरडला आणि त्यानंच ते दाबलं.

लाल दिवा लागला. आजोबांनी घड्याळाच्या डोक्यावर बोट टेकवलं आणि घरभर खणखणीत आवाज घुमला.

"रीऽऽ, ऐकताय न्हवं? अंधार पडला. निळी गोळी घ्या. आन् घाबरू नका, मी हितंच हाय!"

जगदेवीकाकूंनी पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली.

"आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दवाखान्यात होत्या ना, तेव्हा त्यांनी या घड्याळात आपला आवाज भरून दिला," त्या मग सांगू लागल्या. "मामंजी गोळी विसरतात म्हणून. त्या काही परत आल्या नाहीत. आवाज तेवढा राहिला. बॅग हरवली आणि मामंजींनी गोळीच सोडली. कुणी सांगितलं तरी ऐकेनात. ट्रिपवाल्याचा फोन बंद. त्याचं ऑफिस तरी कुठं उघडं होतं?"

"मग बोटीवर आजी..." सिद्धूनं विचारलं.

"तिनं समुद्र बगितला न्हवता रं," आजोबा म्हणाले. "लई मन हुतं तिचं. म्हनून घड्याळ न्हेलं. रोज दिवस मावळताना खिडकीत ठेवायचो, पान्याकडं तोंड करून."

सिद्धूची भीती कुठल्या कुठं पळाली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सृष्टीच्या तर आधीच आलं होतं. विरेश मात्र 'धूळ गेली' म्हणाला.

काकूंनी फोन केल्यावर दहा मिनिटांत बाबा स्कूटरवर हजर झाले. कोपऱ्यात दुसरी निळी बॅग होती. बाबांनी मुकाट्यानं खिशातली किल्ली लावली. कुलूप टक् करून उघडलं आणि आतून चादरी वर आल्या. गंजबिंज काही नव्हतं.

"चूक माझी आहे, आप्पा," बाबा खाली मान घालून म्हणाले. "पोरं सांगत होती, मीच ऐकलं नाही. माझ्यापेक्षा ती शहाणी निघाली." मग त्यांनी तिघांच्या पाठीवर एकेक थाप दिली. विरेशला जरा जोरातच बसली.

जगदेवीकाकू पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आल्या. आजोबांनी गोळी तळहातावर ठेवली, पण तोंडात टाकली नाही. ते सृष्टीकडे बघत राहिले.

"तीस वर्सं गाडी चालवली, पोरी. लोकांनी इसरलेल्या पिशव्या, छत्र्या, डबे, समदं ज्येचं त्येला परत न्हेऊन दिलं. पन सामान परत देनं येगळं." आजोबा म्हणाले. "तुमी माजं मानूस घरी आनलंसा."

मग ते घड्याळाकडे वळले. "घेतो गं, घेतो," म्हणाले, आणि त्यांनी गोळी घेतली.