नवव्या डब्याचा आवाज

केतकीनं डबा हलवला. आवाज आला नाही. बटण दाबून दाबून अंगठा लाल झाला, तरी पडद्यावरचा पितळी डबा मुका तो मुकाच. त्याआधी हत्तीभोवती फेर धरलेल्या मुली पंख्याच्या पात्यासारख्या गरगरल्या होत्या आणि त्यांचं अख्खं गाणं डासाच्या गुणगुणीएवढं होऊन संपलं होतं.

खेळ तोच होता. त्यातला एक आकडाही बदललेला नव्हता. मग तो असा का वागत होता?

हा 'भोंडला' केतकीच्या आईनं, मंजिरीनं, तेरा वर्षांची असताना 'भिंगरी' नावाच्या खेळपेटीसाठी लिहिला होता. नऊ दिवस, नऊ डबे. खऱ्या भोंडल्यात फेर संपला की झाकलेला डबा हलवतात आणि मुली नुसत्या आवाजावरून आतली खिरापत (वाटायचा खाऊ) ओळखतात, तसंच यात होतं. आठ डबे मायलेकींनी मिळून ओळखले. नववा मात्र आईनं सांगितला नाही. तो तुझा तू ओळख, घाई नाही, म्हणाली.

घाई करायला हवी होती. गेल्या आषाढात आई गेली.

आणि परवा आबांनी कपाट आवरलं. आबा म्हणजे आईचे वडील, मिरजेतले निवृत्त ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे). त्यांनी खेळ भिंगरीतून काढून घरच्या नव्या संगणकात नीट उतरवून घेतला आणि पेटी, तारा, खेळाचं कार्ड, सगळं भंगाराच्या गाडीत टाकून दिलं. खेळ जपलाय ना, मग पेटी कशाला, असा त्यांचा हिशेब.

केतकी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"वीणेची चित्रं जपून ठेवायची आणि वीणा चुलीत घालायची, असं केलंत तुम्ही," ती म्हणाली. "आणि म्हणे आवाजाचे शास्त्रज्ञ."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

घरात ठकी नावाची यंत्रमुलगी होती. लाकडी ठकी-बाहुलीसारखे गोल डोळे आणि जिभेला हाड नाही. भिंगरीसाठीचा एम्युलेटर (एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राचं सोंग आणणारा प्रोग्रॅम) तिनंच लिहिला होता. भिंगरीच्या चिपची भाषा नव्या संगणकाला कळत नाही, म्हणून मी मध्ये दुभाषी बसवलाय, तो एकेक आज्ञा वाचतो आणि नव्या भाषेत सांगतो, भाषांतरात एकही चूक नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं. वर म्हणाली, एवढं अडलंय तर प्रोग्रॅम वाचून नवव्या डब्यात काय आहे ते आत्ता सांगते.

"तोंड उघडलंस तर तुझी बॅटरी काढून विहिरीत टाकीन," केतकी म्हणाली.

ठकीनं तोंड मिटलं. मग दोघी शहाण्यासारख्या कामाला बसल्या.

पहिलं कोडं गरगरण्याचं. लपाछपीत राज्य घेणारा शंभर आकडे मोजतो. एखादा सावकाश मोजतो, सगळ्यांना लपायला वेळ मिळतो. एखादा भरभर मोजतो आणि अर्धी मुलं अंगणातच सापडतात. आईनं असंच केलं होतं. मुलीनं एक पाऊल टाकलं की चिपनं तीस हजारांपर्यंत आकडे मोजायचे, मग दुसरं पाऊल. भिंगरीची चिप सावकाश मोजणारी, म्हणून फेर ठुमकत चालायचा. नवा संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत तीस हजार मोजून मोकळा. त्याला हळू चालता येत नव्हतं असं नाही, हळू चाल असं कुणी सांगितलंच नव्हतं.

ठकीनं दुभाष्याला बजावलं, की जुन्या चिपला एका आज्ञेला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लावायचा, केसभर कमी नाही, जास्त नाही. फेर थांबला, सावरला, चालू लागला. मुली गाऊ लागल्या:

हस्ताचा हत्ती माझा झुलतो गं झुलतो,
झुलता झुलता सोंडेनं डबा माझा खोलतो.

केतकीनं डबा हलवला. डबा मुकाच.

दुसरं कोडं याहून अवघड होतं, आणि त्याचा गुन्हेगार घरातच निघाला. ठकी म्हणाली, डबा हलतो तिथं प्रोग्रॅम एकही सूर वाजवत नाही, नुसता आवाजाचा जोर भराभर वरखाली करतो. भिंगरीच्या ध्वनी-चिपमध्ये एक दोष होता, जोर एकदम बदलला की 'टक्' व्हायचं. तेवढी टकटक तिनं पुसून टाकली होती. दोष होता ना तो.

"तुला विचारलं कुणी?" केतकी ओरडली. "आईला डब्याचा आवाज हवा होता आणि त्या चिपला चार पिपाण्यांशिवाय काही येत नव्हतं. तिनं त्या दोषाचेच शेंगदाणे केले, लाह्या केल्या. आणि तू झाडून टाकलेस."

दारात उभे राहून आबा ऐकत होते. बहुरूपी हवालदाराचं सोंग घेतो तेव्हा नुसती टोपी घालून भागत नाही, हवालदार लंगडत असेल तर लंगडावंही लागतं, असं ते हळूच म्हणाले. लंगडणं दुरुस्त केलं तर तो दुसराच कुणी होतो.

मग परत आणा ती टकटक, केतकी म्हणाली. पण ती केवढी, किती टोकदार, किती वेळ घुमणारी, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. दोषाची नोंद कोण ठेवतो? ते फक्त खऱ्या भिंगरीला माहीत होतं, आणि भिंगरी भंगारात होती. त्या दिवशी केतकी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळीच बाहेर पडले. मिरज, सांगली, कुपवाड, सगळे भंगाराचे अड्डे पालथे घातले. घरची पेटी तर कधीच चिरडली गेली होती. दुपारी ते परतले ते दुसरीच एक भिंगरी घेऊन. पडदा फुटलेला, कार्डाची खाच गंजलेली, खेळ घालणं शक्यच नव्हतं. पण ध्वनी-चिप जिवंत होती. हाताला लागलं होतं, ते त्यांनी रुमालात गुंडाळलं होतं.

तीन दिवस तिघं त्या चिपला तारा लावून बसले. केतकी जोर बदलायची, चिप 'टक्' म्हणायची, आबा त्या आवाजाचा आलेख (वरखाली होणारी रेषा) काढायचे, ठकी आकडे टिपायची. जोराच्या सोळा पायऱ्या, शून्य ते पंधरा. शून्यावरून आठावर. आठावरून पंधरावर. दोनशे चोवीस तऱ्हांची टकटक. तिसऱ्या दिवशी चिप तापली, धूर सुटला आणि ती मेली. सोळा टक् राहून गेल्या. त्या शेजारच्या आकड्यांवरून अंदाजानं भरल्या, आणि हा अंदाज आहे असं केतकीनं तिथंच लिहून ठेवलं.

मग तिनं नववा डबा हलवला.

टकटक् खर्र, टकटक् खर्र. काहीतरी कडक, छोटं, गोल. शेंगदाण्याहून हलकं, लाहीहून जड. तिनं डोळे मिटले, पुन्हा हलवलं, आणि उत्तर लिहिलं: फुटाणे.

झाकण उघडलं. पडद्यावर तेरा वर्षांच्या मंजिरीची अक्षरं उमटली. "बरोब्बर. बाबांच्या टेबलाच्या खणातले चोरलेत. त्यांना सांगणारीला पुढच्या वर्षी फेरात घेणार नाही."

आबा बराच वेळ हसत राहिले. हसता हसता खाली बसले. ती पेटी रोज डोळ्यांसमोर नको झाली होती मला, म्हणाले.

"मी अजून रागावलेली आहे तुमच्यावर," केतकी म्हणाली.

"अस की. पण इथं बसून रागव."

ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्याच रागाच्या भरात तिनं पत्र लिहायला घेतलं, भिंगरीचे सहाशे खेळ 'नादुरुस्त' असा शिक्का मारून ठेवणाऱ्या संग्रहालयाला. खेळ नादुरुस्त नाहीत, तुमचं सोंग कच्चं आहे, असं तिनं लिहिलं. खाली दोनशे चोवीस आकडे जोडले. उरलेल्या सोळा टकटकींसाठी कुणाच्या माळ्यावर भिंगरी असेल तर टाकू नका, अशी विनंतीही.

आठवड्यानं संग्रहालयानं सहाशेही खेळ तिच्याकडे तपासायला पाठवले. केतकीनं पहिला उघडला. कुणा रुक्साना मुजावरनं चौदाव्या वर्षी लिहिलेला, पतंगांचा. ती आता कुठं असेल, कुणाची आई असेल, ठाऊक नव्हतं. पडद्यावर मांजा ताणला गेला, आणि त्याच टकटकींतून वारा वाजू लागला.