आवाज जाऊ दे

दिवा राहू दे तिकडेच. बसा. ज्याला खोटं वाटेल त्यानं आत्ताच उठावं, मधे खी-खी करायचं नाही.

हा वेल्डर माझ्या चांगल्या ओळखीचा. धावपट्टीच्या टोकाला, कुंपणाला लागून त्याचं गॅरेज. धाकटा भाऊ हाताखाली. विमान उडालं की कान फाटायचे, म्हणून तिथली माणसं बोलता बोलता थांबायची. "आवाज जाऊ दे," म्हणायची, आणि तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू.

एकदा वेल्डर गॅसचा सिलिंडर आणायला निघाला. चोऱ्या फार व्हायच्या, म्हणून भावाला आत कामाला लावून यानं शटरला बाहेरून कुलूप ठोकलं. दहा मिनिटांत भावाचा फोन. "दादा, कुलूप का..." तेवढ्यात घरघर सुरू झाली. "आवाज जाऊ दे," भाऊ म्हणाला. हा फोन कानाला लावून उभा.

ते मालवाहू विमान वर चढलंच नाही. कुंपण फोडून थेट गॅरेजांच्या रांगेत घुसलं. पंखानं चहाची टपरी माणसांसकट कापली. इंधनाचा भडका उडाला, सात जण उभे जळाले. आठवा आतून शटर बडवत होता. बराच वेळ.

वेल्डर पोचला तेव्हा बडवणं थांबलं होतं. तापलेलं कुलूप उघडताना त्याच्या हातांची सालटी निघाली. भावासाठी जिवावर उदार झाला, असं लोक म्हणाले. यानं कुलूप गुपचूप मागच्या विहिरीत टाकलं. आईला सांगितलं, शटर अडकलं होतं.

वर्षानं गॅरेज पुन्हा उभं राहिलं. शटर नवं. कुलूप मात्र यानं घेतलंच नाही.

मंगळवार. रात्रीचे पावणेआठ. पाना घ्यायला हा आत शिरला. वरून विमान गेलं. सवयीनं थांबला.

शटर खाली आलं.

अंधार. पत्रा तापायला लागला. कातडी चिकटेपर्यंत तापला. हा दोन्ही मुठींनी बडवत सुटला. "उघडा! मेलो!"

बाहेरून, अगदी जवळून...

"दादा... आवाज जाऊ दे."

"चुकलं रे माझं!" हा ढसाढसा रडला. "मीच घातलं कुलूप... आईशी खोटं बोललो..."

शटर तसूभरही वर सरकलं नाही.

पहाटे शेजारच्या पंक्चरवाल्यानं त्याला बाहेर काढलं. बोटं मोडलेली, तळहात भाजलेले. दवाखान्यात त्यानं हे सगळं मला सांगितलं. मी तडक पंक्चरवाल्याला गाठलं.

"शटर अडकलं होतं का रे?"

"अडकलं कुठलं, काका? बाहेरून कुलूप होतं. कापावं लागलं."

त्यानं ते माझ्या हातावर ठेवलं. जुनं. जळून काळं पडलेलं.

त्यातून अजून पाणी गळत होतं.