भामेकाठची तिसरी हाक

बांध सलिल, होडी गाडीवर नीट आवळून बांध. मी तुला जाऊ नको म्हणत नाहीये. पहाटे उठून, स्वेटरवर स्वेटर चढवून तू मासे धरायला जाणार आणि येताना मोशीच्या चौकातून विकत घेऊन येणार, हे अख्ख्या संत तुकाराम नगरला ठाऊक आहे. तुझी बायको तोंडाला पदर लावून हसतेय बघ. शुभदा, हसू नकोस, चहा टाक. आणि दोरी बांधून झाली की सगळे इकडे शेगडीपाशी या. थंडी चावतेय नुसती.

कायाक म्हणतात ना ह्या होडीला? तुम्हाला वाटतं श्यामकाकाला काय कळतंय. मी ह्याच्याआधी एक बघितलीय. पिवळी होती.

अर्जुनराव माझा कंपनीतला जोडीदार. चाकणच्या एका कारखान्यात आम्ही उभी हयात एकाच लाइनवर काढली, एकाच डब्यातलं खाल्लं. त्याचं गाव चाकणच्या आत, भामा नदीच्या काठाला. नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही लगेच मोबाइलवर शोधत बसाल. रिटायर झाल्यावर तो घरचा कांदा बघायचा. बायको सगुणाबाई, थोरली मुलगी सोनल, तिचं लग्न झालेलं, आणि धाकटा सार्थक. पोरगा गुणी होता. आमच्याच पट्ट्यातल्या एका कंपनीत लागला, आणि पगारातून काय घेतलं, तर प्लास्टिकची पिवळी होडी!

गाव पोट धरून हसलं. तिथले जुने लोक ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे. पण पोरगा सुट्टीच्या दिवशी धुक्यात निघायचा आणि उन्हं वर यायच्या आत मरळ घेऊन यायचा. होडी गावच्या घाटावर पिंपळाला साखळीनं बांधलेली. वल्हं मात्र घरी, दारामागं, कारण एकदा ते चोरीला गेलं होतं. आला की वल्हं दारामागं टेकवायचा आणि ओरडायचा, "आये, आलो!" मग सगुणाबाई तवा ठेवायची.

अर्जुनराव वरवर चिडायचा. "कंपनीत मरमर मरायचं आन् सुट्टीला पान्यात मरायचं," असं म्हणायचा. पण थंडीत पोराचे हात वल्ह्याला गारठतात हे बघून त्यानंच सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि वल्ह्याला मुठीच्या जागी घट्ट गुंडाळून दिल्या. मी तिथंच बसलो होतो. दातात तार धरून अर्धा तास गुंडाळत होता. माया बोलून दाखवणारा माणूस नव्हता तो.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मध्येच विचारू नका. तुमच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, मला शिकवलं होतं, अर्जुनरावला त्याच्या आजीनं. रात्री बाहेरून हाक आली, त्यातून पाण्याच्या काठी, तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेची वाट बघायची. माणूस असेल तर तीनदा हाक मारतो. ते असलं, तर तिसरी हाक मारत नाही. आणि ते हाक मारतं, ती आपल्याच माणसाच्या आवाजात. हसतेस काय मधुवंती? तुझ्या बापानंही आयुष्यभर हे पाळलंय. विचार त्याला.

दोन-तीन वर्षं झाली ह्या गोष्टीला. डिसेंबर. चंपाषष्ठीची रात्र. खंडोबाचं नवरात्र त्या दिवशी उठलं होतं, दुपारी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला होता. सोनल बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला नदीतल्या मरळीच्या कालवणाचे डोहाळे लागले होते, पण घरात नवरात्र बसलेलं, म्हणून बिचारी गप्प. सार्थकनं तिला शब्द दिला होता, "ताये, षष्ठी होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या ताटात मरळ." आणि तो सेकंड शिफ्टला निघून गेला.

रात्री शेतीची लाइट यायची होती. तुम्हाला शहरात काय कल्पना, तिकडं मोटारीला वीज येते ती रात्रीचीच. जेवण करून अर्जुनराव उठला. डोक्याला मफलर, हातात बॅटरी. फोन चार्जिंगला लावलेला, तो तिथंच राहिला. "कांद्याला पानी सोडून येतो," म्हणाला आणि नदीकडं उतरला.

त्याची मोटारीची खोली घाटाच्या खालच्या अंगाला, वळणावर. मोटार चालू केली, पाणी धरलं. नदी नेहमीपेक्षा फुगलेली दिसली. संध्याकाळीच धरणातून आवर्तन सुटलं होतं. आमच्या नद्यांना समुद्रासारखी भरती-ओहोटी नसते, पण आवर्तन सुटलं की तसंच होतं. बघता बघता पाणी चढतं, ओढ वाढते, आणि दोन दिवसांनी पुन्हा खाली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सार्थक कंपनीत होता. त्याला नव्हतं.

षष्ठीचा चंद्र मावळला. धुकं उतरलं. बारा वाजायला आले होते.

लाइट गेली.

मोटार थांबली. रात्रभर घरघरणारी मोटार थांबली की कसं होतं... एकदम कान उघडे पडतात. पाण्याचा आवाज. लांब हायवेवरच्या ट्रेलरचा आवाज. मग तोही नाही.

आणि पाण्याकडून हाक आली.

"आबा..."

सार्थकचा आवाज. हुबेहूब.

अर्जुनराव उठला. तोंड उघडलं... आणि मिटलं. पोरगा तर शिफ्टला आहे. पोरगा कंपनीत आहे. मग हे कोण?

त्यानं बॅटरी विझवली. भिंतीला पाठ लावली. श्वास धरला.

"आबा...!"

दुसरी. जरा खालच्या अंगाला. जरा दमलेली.

तो मनात म्हणाला, आता तिसरी येऊ दे. तिसरी आली की ओ देतो. तिसरी आली की धावत जातो...

तो थांबला.

थांबला.

तिसरी हाक आली नाही.

"सुटलो," असं वाटलं त्याला. मला हे सांगताना तो म्हणाला, "श्याम, तवा म्या देवाला हात जोडलं. सुटलो म्हनून हात जोडलं रं..."

थांबा जरा. पाणी द्या मला.

तर झालं होतं असं. कंपनीत लाइन बंद पडली आणि शिफ्ट लवकर सोडली. पोरगा घरी आला. सकाळपर्यंत मरळ आणायची म्हणून दारामागचं वल्हं गपचूप उचललं. बुडू नये म्हणून घालायचं जॅकेट मधल्या खोलीत खुंटीला होतं, तिथं सोनल झोपलेली. पोटुशी बहीण दिव्यानं उठायला नको म्हणून जॅकेट राहिलं. घाटावरून त्यानं होडी सोडली. अंधारात, धुक्यात वाढलेलं पाणी कळलं नाही. वळणावरच्या बाभळीत होडी अडकून उलटली. डिसेंबरचं पाणी. माणसाचं अंग किती वेळ साथ देणार? मोटारीची खोली तिथून हाकेच्या अंतरावर. आज आबा तिथंच असणार हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं हाक मारली. दोनदा मारता आली.

सकाळी पिवळी होडी बाभळीत सापडली, पोरगा खाली बंधाऱ्याला. वल्हं मात्र कुठंच सापडलं नाही. गावातल्या पोरांनी पार पुढच्या गावापर्यंत काठ पालथा घातला. नाही म्हणजे नाही.

सलिल, उद्या जॅकेट घरी राहिलं तर मी तुला स्वतः काठीनं हाणेन. आणि पाण्यात कधी ओरडायची वेळ आली तर ओरडत राहा. थांबू नकोस.

अर्जुनरावनं हे कुणाला सांगितलं नाही. फक्त मला, तेही दहाव्याच्या दिवशी, घाटावर, टक्कल केलेलं डोकं गुडघ्यात घालून. सगुणाबाईला सांगायची त्याची छाती होईना. आईला काय सांगणार? तुझा लेक मला बोलवत होता आणि मी मोजत बसलो होतो?

त्यानंतर तो हाकेला विलक्षण बिचकायला लागला. शेजारच्या पोरानं कुणालाही हाक मारली तरी हा भर बाजारात "ओ!" म्हणायचा. लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. सोनलला मुलगा झाला, घरात पाळणा हलला, तरी हा रात्री उठून नदीवर जाऊन बसायचा. सगुणाबाई मला फोन करायची, "भावजी, ह्यांना समजवा. एक गेला, आता दुसरा न्हाई जायला पाहिजे." मी समजवायचो. तो मान हलवायचा आणि रात्री पुन्हा जायचा.

वर्ष झालं. चंपाषष्ठीलाच तिथीनं वर्षश्राद्ध आलं. मी गेलो होतो. रात्र झाली म्हणून मुक्कामाला राहिलो, पडवीत खाट टाकून. पुढचं मी माझ्या डोळ्यांनी थोडं बघितलं, बाकीचं त्यानं सांगितलं. खोटं बोलणारा तो माणूस नाही.

मध्यरात्रीला तो उठला. मी झोपेतच विचारलं, "कुठं रे?"

"कांद्याला पानी," म्हणाला.

त्या वर्षी त्यानं कांदा लावलाच नव्हता. हे मला नंतर कळलं.

तो वळणावर गेला. तसंच धुकं. तशीच थंडी. मोटार बंदच होती. तो पाण्याच्या काठाला उकिडवा बसला.

बसून राहिला.

आणि...

"आबा..."

ह्या वेळी त्यानं मोजलं नाही. "ओ!" एवढ्या जोरानं ओरडला की घसा फाटला. "ओ, लेका! आलो! आलो म्या!" आणि तसाच पाण्यात घुसला. गुडघे. कंबर. पाणी सुरीसारखं. पायाखालचा गाळ सरकायला लागला. त्याला पर्वा नव्हती. जायचंच होतं त्याला, खरं सांगायचं तर.

छातीपर्यंत गेला.

"आबा...!"

दुसरी हाक.

पाठीमागून.

काठावरून.

तो वळला. काठावर कुणी नाही. धुकं. पण हाक तिकडूनच होती, वरच्या अंगानं, घराच्या वाटेवरून. लहानपणी बाप मागं रेंगाळला की पोरगं पुढं जाऊन वैतागून हाक मारायचं, तशी.

तो बाहेर आला. कसा आला, त्याला आठवत नाही. ओलाचिंब, थरथरत वाट चढला. कान देऊन. घाट आला. पिंपळ आला. तिसरी येईना. पुन्हा येईना... तो पिंपळापाशी रडत उभा राहिला.

तेवढ्यात त्याला घरातून आवाज आला. सगुणाबाईचा.

"ओ! ओ रं बाळा! आले, आले!"

ह्या ओरडण्यानं मी जागा झालो. त्याच्याआधीचं मला काहीच ऐकू आलं नव्हतं, देवाशपथ. बघतो तर दार सताड उघडं, दिवा लागलेला, सगुणाबाई उंबऱ्यात, केस मोकळे. आणि अंगणातून अर्जुनराव येतोय, अंगातून पाणी निथळतंय.

"तुमी मारली का हाक?" तिनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "काय ऐकलंस तू?"

"सार्थकची हाक. दारातनं. 'आये, आलो.' रोज यायचा तसा."

"किती... कितीदा मारली?"

"एकदाच."

"आन् तू ओ दिलीस?" त्यानं विचारलं. "रातीची? पहिल्याच हाकंला?"

सगुणाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की ह्याला काय वेड लागलंय.

"लेकराच्या हाका मोजायच्या असत्यात व्हय?"

अर्जुनराव उंबऱ्यातच खाली बसला. एवढा दांडगा गडी, लहान पोरासारखा रडला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. लाइट गेल्यापासूनचं. पहिली हाक, दुसरी हाक, भिंतीला लावलेली पाठ, देवाला जोडलेले हात. काही लपवलं नाही. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

आत पाळण्यात सोनलचं बाळ कुरकुरलं आणि पुन्हा झोपलं. मग सगुणाबाई उठली, खुंटीवरचा टॉवेल आणला आणि नवऱ्याचं डोकं पुसायला लागली. पुसत राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या डोक्यावर पडत होतं आणि ती तेही पुसत होती.

बाहेरून गार वारा येत होता. बाळ आहे घरात, म्हणून मी दार लोटायला गेलो. दार हलवलं, आणि माझा हात तिथंच थांबला.

दारामागं वल्हं टेकवलेलं होतं.

काळं. ओलं. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं साचलेलं. मुठीच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, माझ्यासमोर गुंडाळलेल्या, तारेची गाठ तशीच.

मी हात लावला. वल्ह्याची दांडी बर्फासारखी गार होती.

पट्टी मात्र गरम होती... नुकतीच कुणीतरी मूठ सोडल्यासारखी.