पाळण्याचे सांधे

"मॅडम, माह्या पाळण्याचे सांधे सुटून राहिले. आठ दिवस झाले. कोणी काही करून राहिलं, नाहीतर माहे हातच गेले. खरं काय तेवढं सांगा. हात गेले असन तं मी काम बंद करतो."

चांदूर बाजारच्या दुर्गाबाई अमरावतीत खासगी तपास करणाऱ्या सत्यवती इंगळेंच्या ऑफिसात बसल्या होत्या. चाळीस वर्षं त्या सुती दोरीचे पाळणे विणत होत्या. सागाच्या टोकदार खुंटीने दोरीचे पदर उघडायचे, त्यात दुसरं टोक ओवायचं, की सांधा तयार. पाळण्यात लेकरू झोपतं, आणि परवा एका घरी पाळणा द्यायचा होता.

"दोरीच सडकी! विकणाऱ्याला धरा," हेमचंद्रराव म्हणाले. सत्यवतींचे मदतनीस, निवृत्त वकील; आरोपी आधी, पुरावा सवडीने.

दुपारी दोघं दुर्गाबाईंसोबत चांदूर बाजारला पोचले. दोरी विकणारे किसनराव भडकले. "पिंकीलेही त्याच बंडलातली देतो. तिचे सांधे कावून टिकते मंग?"

पिंकी ही दुर्गाबाईंची नात. "आजीने काम सोडलं तर गिऱ्हाईक तुझंच," हेमचंद्ररावांनी तिला टोचलं.

"अन् मले शिकवन कोन? तिच्या खुंटीले तं ती हातही लावू देत नाही. माही प्लास्टिकची हाय."

घराच्या दारात दुर्गाबाईंचे यजमान डोमाजी बसले होते. बाजूला तुकतुकीत काठी.

"सुरेख ठेवलीय," सत्यवती म्हणाल्या.

"दर आठवड्याले गोडं तेल पाजतो. नुकताच रिटायर झालो, आता घरातलं सारं मीच पाहतो."

सत्यवतींनी हेमचंद्ररावांचा पेपर ओढून घेतला, दुर्गाबाईंची सागाची खुंटी त्यात गुंडाळून उन्हात ठेवली. मग दुर्गाबाईंना पिंकीच्या खुंटीने सांधा करायला लावला आणि त्याला सहा विटा टांगल्या. तासाभराने विटा तशाच लोंबत होत्या.

"हात तेच, दोरी तीच. म्हणजे दोष खुंटीत." सत्यवतींनी पेपर उलगडला. मधोमध तेलाचा डाग पडून मागची अक्षरं दिसत होती. "घासून लाकूड तापतं, तेल दोरीत उतरतं, ओवलेलं टोक निसटतं. किसनराव घरात येत नाहीत, पिंकीला खुंटी मिळत नाही. लाकूड दिसलं की तेल पाजणारा माणूस इथे एकच."

डोमाजींची मान खाली गेली. "सुकली दिसली मले. वाटलं, तुले सोपं जाईन."

"आठ दिवस मी रडून राहिली, हात गेले म्हनून!" दुर्गाबाईंनी डोळे पुसले आणि त्यांना हसू फुटलं. "बसा इथं. दोरी धरा. परवाचा पाळणा अख्खा उसवा लागते."

डोमाजींनी पाट ओढला आणि दोन्ही हातांनी दोरी धरली.